खोलीत राहतं कोण

वकीलबाईंनी पान उलटलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. शेजारी बसलेली सून आणि तिचा नवरा त्यांच्याकडे बघू लागली. सकाळपासून या बाईंच्या तोंडाला विसावा नव्हता. "पालिकेचा चहा आणि पालिकेचा कागद, दोन्ही निवल्यावरच हातात पडतात," असं म्हणून त्यांनी समोरच्या कारकुनालाही हसवलं होतं. आता त्या चष्मा सावरून तेच पान पुन्हा वाचत होत्या.

खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी आपल्याकडचा एकूण एक कागद दुसऱ्याला दाखवायचा, असा कोर्टाचा हुकूम होता. म्हणून पालिकेच्या तळमजल्यावरच्या या कोंदट खोलीत टेबलाच्या एका बाजूला पालिकेची जाडजूड फाईल होती, आणि दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचं सगळं आयुष्य: ओळखपत्र, जन्माचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांचे कागद. काल त्यांच्याच कपाटातून सुनेने ते पिशवीत भरले होते. कशाला, ते सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला घोर नको म्हणून खटल्याची गोष्ट दोघा नवरा-बायकोने त्यांच्या कानावर घातलीच नव्हती.

भांडण साधं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेवर सहा मजले चढणार होते, सासऱ्यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. त्या अंगाला राहती खोली असली तर इमारत मागे सरकवावी लागते, असा नियम. पालिकेने परवाना देताना लिहिलं होतं की त्या खोलीत कायमचं कोणी राहत नाही.

"राहत नाही म्हणे," सून ज्याला त्याला सांगायची. "मग मी रोज सकाळी अंग पुसते ते कुणाचं, भुताचं?"

सासरे जन्मभर शिंपीकाम केलेले. पाय गेल्यापासून त्यांचं जग म्हणजे एक पलंग आणि एक खिडकी. सकाळचं ऊन पांघरुणावर आलं की ते दोन्ही हात त्यात धरून बसत, शेकोटीपाशी बसावं तसे. ते ऊन जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ही दोघं चपला झिजवत होती. पालिकेचा माणूस पाहणीला आलाच नाही, खिसा गरम करून घरबसल्या शेरा मारून मोकळा झाला, अशी सुनेची खात्री होती.

"तो आला होता, ताई," वकीलबाई म्हणाल्या. "दुपारी. तुम्ही दोघं कामावर असणार. खिडकीतून बोललाय तुमच्या सासऱ्यांशी." मग त्यांनी खालच्या आवाजात वाचलं. "'खोलीत एक वृद्ध गृहस्थ आढळले. येथे राहता का, असे विचारले असता म्हणाले की, आता थोडेच दिवस. मुलाने वृद्धाश्रमात सोय पाहिली आहे. तो घेऊन गेला की खोली रिकामी होईल. माझ्यासाठी कोणाचे काम अडवू नका.'"

नवऱ्याने घसा खाकरला. "बाबांचं वय झालंय हो. काहीही बोलतात."

"मग तेच म्हणायचं आपण. असं काही घरात कधी निघालं नव्हतं, त्यांना भास होतात, एवढं दोघांनी शपथेवर सांगा. डॉक्टरांचा दाखला मी मिळवते. या कागदाला मग काडीची किंमत नाही."

नवरा मान डोलावू लागला. सून पानावरची तारीख बघत होती. दोन वर्षांपूर्वीची. त्याच आठवड्यात, नोकरी आणि सासऱ्यांचं करणं दोन्ही झेपेना म्हणून ती स्वयंपाकघरात रडली होती. नवऱ्याने आश्रमाचं नाव काढलं होतं. तिने "बघा तुम्ही" म्हटलं होतं. नळ सोडून, कुजबुजत बोलली होती दोघं. पुढे दोघांनाही धीर झाला नाही, आणि विषय मागे पडला. तो मागे पडल्याचं सासऱ्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांना तो ठाऊकच नव्हता ना.

आज निघताना देवापुढे हात जोडून तिने एकच मागितलं होतं, खरं काय ते बाहेर येऊ दे. ते आलं होतं.

"भास नाही झालेला त्यांना," ती म्हणाली. "बोललो होतो आम्ही."

"अगं, केस जाईल," नवरा पुटपुटला.

"जाऊ दे. त्यांना वेडं ठरवून मिळालेलं ऊन मी कोणत्या तोंडाने दाखवू त्यांना?"

वकीलबाईंनी फाईल मिटली. त्यापुढे त्यांनी एकही विनोद केला नाही.

घरी येईपर्यंत सून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. बाबा, तुम्हाला कुठेही पाठवायचं नाही. एवढं एकच सांगायचं होतं, आणि दोन वर्षं ते सांगायचं राहून गेलं होतं.

ती पायातल्या चपलांसकट त्यांच्या खोलीत शिरली. सासरे उशीला टेकून ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. तिच्या हातातल्या पिशवीकडे बघून ते हसले, तिला वाईट वाटू नये म्हणून हसावं तसे.

"पुरले का गं कागद आश्रमाला, पोरी?" ते म्हणाले. "मी सकाळपासून तयार होऊन बसलोय."