तालोमने आणलेली खिडकी

डोंगरात कोसळलेल्या लष्करी विमानाची गोल खिडकी तालोमने तरुणपणी पाठीवरून गावात आणली आणि बांबूच्या भिंतीत बसवली. तिच्यातून शेतं बघत त्याचा आणि यातेरचा संसार झाला. तो गेल्यावरही यातेर तिथेच बसायची.

एका दुपारी विमानाचे अवशेष शोधणारी माणसं आली.

“आने, देऊन टाक आता,” लेक ओयिन आईला म्हणाली. “त्यात गेलेल्यांच्या घरचे अजून वाट बघतायत.”

“देते गं. एकदा डोळे भरून बघू दे.”

यातेरने काच पुसली. पलीकडे शेतं नव्हतीच, खाली ढग सरकत होते.

“आने, घर कलतंय!” ओयिनने खांब घट्ट धरला. चुलीवरचं पातेलं घसरत भिंतीवर आदळलं.

यातेर हलली नाही. ढग फाटून डोंगर झपाट्याने वर येत होता, आणि उतारावर विशीतला तालोम मान वर करून तिच्याकडेच बघत होता.