पोकळ बेस

"तुझ्या भावाचा बेस गिटार पोकळ वाजतोय. या गाण्यात बेस वाजवायला दुसरा कोणीतरी बघू," असं सांगून नवरा चहा टाकायला गेला. झोपायच्या खोलीतच त्यांचा स्टुडिओ होता. ती कॉम्प्युटरपुढे बसली.

तो कप घेऊन आला, तेव्हा तेच गाणं भरदार घुमत होतं. कपाटाचं दारसुद्धा थरथरत होतं.

"बेसचा आवाज वाढवलास?"

"नाही."

"मग मेव्हण्याकडून परत वाजवून घेतलंस?"

"चहा उकळेपर्यंत?"

"अगं, मग केलंस तरी काय?" चहा विसरून तो स्क्रीनवर वाकला.

"त्याच्या बेसला मी हातही लावला नाही. तू या गाण्यात कीबोर्डवर डाव्या हाताने खालचे सूर दाबून धरतोस ना, तेच त्याचा बेस झाकून टाकत होते. तेवढे बंद केले. आता बोल, गाण्यातून कोणाला काढायचं?"