नात्याचा रकाना

"आजी, तुझं माहेर आलं बघ," केतन म्हणाला, आणि वाल सोलणारे यशोदाबाईंचे हात थांबले.

ऐरोलीच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारपासून एकसष्ट सालची जनगणना चालली होती. तेव्हा यशोदाबाईंच्या माहेरगावी घरोघरी मोजणीला फिरलेल्या मास्तरांची कच्ची वही मास्तरांच्याच नातीला सीवूड्सच्या घरात सापडली होती. तिने पानापानाचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकले होते. केतन तीच घरं वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत होता. पोरगा कामाला चलाख. एकेका माणसाची नोंद करत बसण्यात राम नाही, हे त्याने तासाभरातच ओळखलं होतं. कुटुंबप्रमुखाचं नाव टाकायचं, खाली बाकीची नावं आणि वयं. वय बघून नात्याच्या रकान्यात बायको, मुलगा, मुलगी सॉफ्टवेअरच भरून टाकी. वहीचं पान पुरावा म्हणून एकदा जोडलं की घरातल्या सगळ्यांना लागू. चाळीस घरं त्याने दोन कप चहात उरकली होती.

यशोदाबाईंचा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागला होता.

मोजणीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. मास्तर देवजीच्या ओटीवर बसले होते. नऊ वर्षांच्या यशोदेकडे बघून त्यांनी विचारलं, "ही कोण?" देवजी म्हणाला, "दिघ्याची हाय. कामाला ठेवलीय." एवढं ऐकून ती मागच्या दारी पळाली होती.

तो खोटं बोलला नव्हता. तिचा बाप मिठागरावर वारला, वर्षभरात आईही गेली, तेव्हा पोटापुरत्या भाकरीवर तिला देवजीकडे ठेवलेली. पण त्याच्या बायकोने, दुर्गाबाईने, तिला न्हाऊमाखू घातलं, तिचं लग्न लावून दिलं, पहिल्या बाळंतपणाला घरी आणलं. सासरचे तिला देवजीची लेकच समजले. यशोदाबाईंनी कधी कुणाचा समज मोडला नाही. साठाहून जास्त वर्षं त्या गप्प राहिल्या, आणि आता ती वही नातवाच्या हातात होती.

"माज्यापुढं काय लिवलंय रं?" त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"यशोदा, वय नऊ, मुलगी," केतन स्क्रीनवर बघून म्हणाला.

यशोदाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. डोळे घळाघळा वाहायला लागले. "मास्तर देवमानूस होता रं," त्या म्हणाल्या. "त्याचे लई उपकार झाले." मन एवढं हलकं झालं होतं की त्यांनी दिघ्यापासूनचं सगळं नातवाला सांगून टाकलं.

केतनचा चेहरा उतरला. 'मुलगी' हे वहीतलं नव्हतंच. ते सॉफ्टवेअरने आपल्या मनाने भरलं होतं. मूळ पान त्याने नीट वाचलंच नव्हतं.

क्षणभर त्याला वाटलं, राहू दे. आजीला काय कळणार आहे? पण समोर आजीचे हात अजून जोडलेलेच होते, आणि खोट्यापुढे ते जोडलेले त्याला बघवेनात.

"आजी, थांब जरा. माझी घाई झाली," तो म्हणाला. "ते मशीननं लिहिलंय. वहीत बघतो."

यशोदाबाईंनी हात खाली घेतले. "बघ," त्या म्हणाल्या. "जे असंल ते वाच."

त्याने फोटो मोठा केला. यशोदेच्या नावापुढे 'कामास' असं लिहिलं होतं. त्यावर आडवी रेघ मारली होती. बाजूच्या शेऱ्यात मास्तरांचं बारीक, किरटं अक्षर होतं. केतनने ते आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं:

"खोडून 'मुलगी' केले. घरातील बाई दुर्गाबाई यांनी तसे लिहिल्याशिवाय ओटीवरून उठू दिले नाही."