जोड दिसता कामा नये

"दादा, अधिक महिना पाळीत धरत न्हाईत. जेठ अजून तुझाच हाय," पृथ्वीराज पुटपुटला.

"धरत न्हाईत म्हंजी? अधिकात आई माझ्याकडं जेवली न्हाई व्हय?" बापूसाहेबानं दात कोरत विचारलं.

दोघांच्या मधल्या खुर्चीत साखरबाई बसल्या होत्या. पायाशी कपड्यांची पिशवी. महिनाभर शिरूरला थोरल्याकडं, महिनाभर दौंडला धाकट्याकडं. आता अधिक सरला होता आणि पिशवी कुठल्या गाडीत चढणार ते ठरत नव्हतं.

स्टुडिओ सुलक्षणाचा. तिनं कॅमेऱ्याआड तोंड घातलं. तिचं काम फोटोपुरतं. साखरबाईंच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर सगळं घर एकत्र दिसायला हवं होतं, पण भाऊ एकमेकांशेजारी बसायला तयार नव्हते. म्हणून दोन फोटो, एकेका भावाचा, साखरबाई दोन्हींत. जोडायचं काम कॉम्प्युटरचं.

तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. फोटो बेमालूम जोडणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरचं पॅकेज तीच बांधायची, म्हणजे कुणाच्याही लिनक्सवर ते बिनबोभाट चढावं. कोडचा चालता प्रोग्रॅम करणाऱ्या नव्या कंपायलरवर ते मोडलं होतं. रात्री तिनं दुरुस्त केलं होतं आणि आज ह्याच फोटोवर चाचणी होती.

पहिल्या जोडीत साखरबाईंना दोन नाकं आली. एकदा त्या थोरल्याकडं वळल्या होत्या, एकदा धाकट्याकडं.

"ताई, मधनं आईलाच काढ की," बापूसाहेब म्हणाला. "आमी दोघं आलो म्हंजी झालं."

सुलक्षणाला शिसारी आली. पंचाहत्तरी कुणाची, आणि काढायचं कुणाला!

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली. "समोर बघायचं. कुणाकडंच न्हाई."

मधे तिनं चहा केला. भावांचा गोड, साखरबाईंचा बिनसाखरेचा. कुणी सांगायची वेळ आली नाही.

दुसऱ्यांदा जोड बसली. भाऊ आईच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून हसत होते. शिवण कुठं शोधून सापडेना. पॅकेज पास झालं होतं.

"एक नंबर!" बापूसाहेब खूश झाला. भाऊ दारात गाड्यांपाशी गेले आणि पुन्हा जेठावर आले. पिशवी कुणीच उचलली नव्हती.

साखरबाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडं सरकल्या. "हे तू बनवलंस व्हय?"

"न्हाई. ज्यानं बनवलं, त्यानं सोडून दिलं. बघणारं कुणी नसलं की असलं काढून टाकतात. म्हणून सांभाळणारी म्हणून मी माझं नाव लावलं. आता बिघडलं की लोक मला विचारतात."

"पैसं देत्यात?"

"छे."

"मग कशाला करतीस?"

"टाकवत न्हाई," सुलक्षणा म्हणाली. बोलताना तिची नजर दाराकडं होती. कसली माणसं ही, असंच तिच्या मनात चाललं होतं.

साखरबाईंनी वाकून पिशवी स्वतःच उचलली. स्टुडिओमागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एक खाट, तिच्यावर कॅमेऱ्याचे रिकामे खोके. त्यांनी त्या खाटेकडं बघितलं.

"त्या दोघांचं ऱ्हाऊ दे, सुले. पोटची तर तूबी हाईस," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं माझा एकबी म्हैना का न्हाई?"