दाराचा पुरावा

थोरल्याने दिवा मालवला आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

"डोळे अंधाराला सरावू देत," धाकटी म्हणाली. "घाई केलीस तर काहीच दिसणार नाही, आणि तेच तुला हवं आहे."

"मला काय हवं ते राहू दे, बाई. तुझी ही प्रयोगाची खोली बैठकांसाठी मागितली आहे. आज सही करायची आहे मला."

धाकटीचा हा भाऊ विभागप्रमुख होता, आणि ज्या विभागात शोधांपेक्षा बैठका अधिक, तिथे ही मागणी रास्तच म्हणायची. ज्याच्यावर सारा जीव चालतो तो एटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू पेशीतल्या पडद्यांमधून आपोआप झिरपतो, असे त्याने पाठ्यपुस्तकात लिहिले होते. आणि एकदा छापले की निसर्गालाही ते पाळावे लागते, अशी विभागाची श्रद्धा होती. धाकटी म्हणत होती, झिरपत नाही, दार आहे. दार म्हणजे एक प्रथिन, आणि ते तिला सापडले होते. आज ते खोटे ठरले तर खोली जाणार होतीच, तोंड दाखवायलाही जागा उरणार नव्हती.

"यंत्राने मोजू म्हटलं तर नको म्हणालास."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? असेल तर दिसेल."

समोर दोन नळ्या होत्या. दोन्हींत पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या, आणि पिशव्यांच्या पोटात काजव्याचा तो पदार्थ, जो एटीपी पोहोचला तरच उजळतो. एकीतल्या पडद्यांत धाकटीचे प्रथिन बसवलेले, दुसरीतले पडदे कोरे. कोणती कुठली हे थोरल्यालाच ठाऊक होते. खुणा त्याने स्वतः केल्या होत्या. बहिणीवर विश्वास नाही म्हणून नव्हे, असे त्याने दोनदा सांगितले होते.

त्याने दोन्हींत एटीपीचे थेंब सोडले.

काळोख तसाच राहिला. मग एका बाजूला पिवळट हिरवा उजेड आला, इतका मंद की नजर रोखली की हरवे आणि किंचित बाजूला वळवली की दिसे. दुसरी बाजू काळीच राहिली.

"उजवी," धाकटी म्हणाली.

"तीच," थोरला नाइलाजाने म्हणाला. "पण हिच्यातल्या पिशव्या फाटल्या असतील."

"म्हणूनच ती दुसरी बाटली दिली आहे. तिच्यातलं विष फक्त या दाराला कडी घालतं. पिशव्या फाटक्या असतील तर उजेड टिकेल. घाल."

आपलाच उजेड विझावा म्हणून देव पाण्यात घालून बसण्याची वेळ तिच्यावर आली होती.

थेंब पडला. उजेड रेंगाळला, ओसरत गेला आणि मावळला.

थोरल्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला नाही. तो बोलला तेव्हा त्या आवाजात विभागप्रमुख नव्हता.

"अगं, म्हणजे असं दार आपल्यातही?"

"पेशीपेशीत."

"आत्ता?"

"दार नाहीच असं इतकी वर्षं ठासून सांगत होतास ना, दादा, ती सांगायची ताकदही त्याच दारातून येत होती."

बाहेरून कुणीतरी खोलीचे दार ठोठावले. "सर, सगळे जमले आहेत. खोली कधी मिळेल विचारताहेत."

"हळू," थोरला जागचा न हलता, जवळजवळ कुजबुजत म्हणाला. "आत काम चालू आहे."