ठिपक्यांची कवटी

डोळ्यांना आठ ठिपके. दातांना तीन. अक्षरशत्रू मेहुणा. गोदामात ॲसिडची पिंपं.

पिंपांच्या लेबलावरचा इशारा गोदामात काम करणाऱ्या मेहुण्याला वाचता येईना, म्हणून लेबलं छापणाऱ्या ऑपरेटरने प्रिंटरमधल्या चांदणीच्या चिन्हाच्या (*) जागी ठिपक्या-ठिपक्यांनी कवटी बसवली. वीज गेली की प्रिंटर ती विसरायचा आणि चांदणीच छापायचा. पुन्हा शिकवावी लागायची, एवढीच मेख.

"भाऊजी, ही कवटी आहे की बटाटा?"

"बटाटा समज हवं तर. पण तो दिसला की पिंपाला हात लावायचा नाही."

संध्याकाळी गोदामातून मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, आजच्या पिंपांवर बटाटा नाही, चांदण्या आहेत! पाणीच दिसतंय. हात धुतो आणि आलोच."

फोन कट झाला.



दुपारी ऑपरेटर जेवायला गेला असताना वीज एकदा जाऊन आली होती.