दोधूच्या वाढीचा आलेख

१९३८ साली कळसाडीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर गिरधर चौधरींचा विश्वास फक्त मोजलेल्या गोष्टींवर बसे. छबूबाईंचा वर्षाचा नातू दोधू फार अशक्त होता. पहिल्या दोन वर्षांत पोट भरले नाही, तर राहिलेली वाढ पुढे भरून निघणे कठीण, असे बजावून त्यांनी रोज पावशेर दूध सांगितले आणि दरमहा वजन घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावरची कुंची वेगळी तोलली. त्यानंतर आजी ती अंगावरून काढू देईना, म्हणून तेवढे वजन दर वेळी काटेकोरपणे वजा होई.

आलेख दरमहा दहा तोळ्यांनी चढत गेला. चौथ्या महिन्यात डॉक्टर समाधानाने म्हणाले, "आता काळजी नाही, छबूबाई. वेगळे दूध नको आणि तोलायलाही नको."

"बरं व्हयनं, डाक्टरभाऊ," म्हणत छबूबाईंनी कुंचीची शिवण उसवली आणि बैलगाडीच्या चाकाच्या धावेचे चार लोखंडी तुकडे टेबलावर मांडले. "तुम्ही पोऱ्याले तोलतस, नजर लागस ना. म्हनीसन मी दर खेपले लोखंडना एकेक तुकडा शिवस."

डॉक्टरांनी दोधूला पुन्हा तोलले. वजन पहिल्या दिवसाइतकेच भरले. त्यांनी दूध दुप्पट लिहून दिले.


मग आलेखावरचे 'दोधूची वाढ' हे शीर्षक खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'छबूबाईंना वाटणारी माझ्या नजरेची धास्ती. वाढ नियमित, दरमहा दहा तोळे.'